लाल वायरीची गुंडाळी

घाबरट माणूस समोर आला की मला राहवत नाही. त्याला डिवचल्याशिवाय माझा चहा गोड लागत नाही. ही माझी जुनी खोड आहे आणि ती गेली असं मी इथे सांगणार नाही, कारण ती गेलेली नाही. फक्त एका माणसासमोर मी आता तोंड मिटून बसतो. तो माझा शाळेपासूनचा सोबती, पुढे धंद्यातला भागीदार. त्याच्या उजव्या हाताला आज तीनच बोटं आहेत.

जानेफळला रस्त्यालगत आमचं दोघांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटारींत नवी तार भरायची, स्टार्टर दुरुस्त करायचे, आणि चक्कीवरून, डाळमिलीवरून, कुणाच्या विहिरीवरून फोन आला की मोटरसायकल काढायची. मी हे काम एका उस्तादाकडे शिव्या खात शिकलो. माझा सोबती काही वर्षं संभाजीनगरकडे एका कारखान्यात होता, तिथे शिकला. वडील गेल्यावर तो गावी परत आला आणि येताना तिकडचं भय बरोबर घेऊन आला. त्याला तो शिस्त म्हणायचा.

आमच्या उस्तादाकडे तारेत करंट आहे की नाही हे बघायच्या तीन गोष्टी होत्या. खिशातला टेस्टर, एक टेस्ट लॅम्प आणि हाताची उलटी बाजू. टेस्टरवर आमच्याकडे कुणाचा विश्वास नाही. शेतातल्या लांबच लांब लाइनीत मेलेल्या तारेवरही तो मिणमिणतो, मग वायरमन ‘रिटर्न आहे बे’, म्हणजे खरा करंट नाही, असं म्हणतो आणि तार धरतो. लॅम्प म्हणजे होल्डरात बसवलेला बल्ब आणि त्याच्या दोन मोकळ्या तारा. लागला तर करंट आहे, नाही लागला तर नाही. आणि उलटा हात यासाठी, की झटका बसला की मूठ आपोआप मिटते. तळहात पुढे असेल तर तार मुठीत सापडते आणि माणूस चिकटतो. हात उलटा असला तर नुसता फेकला जातो. उस्ताद उलट्या हाताने तारा चाचपत म्हातारा झाला आणि अंथरुणात वारला, एवढा पुरावा मला पुरेसा होता.

सोबत्याला तो पुरला नाही. त्याला मीटर हवा होता. अकोल्याच्या बाजारात मीटर घ्यायला आम्ही दोघं गेलो, म्हणजे तो मीटर घ्यायला आणि मी त्याची मजा बघायला. दुकानदाराने पिवळ्या रंगाचा एक हलका मीटर काउंटरवर टाकला. गावातले सगळे तोच घेतात. ह्याने तो हातात तोलला, मागचं झाकण पाहिलं आणि परत सरकवला. मग दुसरा मागितला, मग तिसरा. कोणत्या मीटरवर किती व्होल्टपर्यंतचं लिहिलंय, आत फ्यूज कसला आहे, वायरीचं कव्हर एकपदरी की दुपदरी, टोकाची सळई किती उघडी राहते, असलं सगळं तो विचारत राहिला. दुकानदाराचं तोंड आंबट झालं.

“मीटर पाहून राह्यला का पोरगी?” मी म्हणालो. दुकानातली गिऱ्हाइकं हसली.

तो हसला नाही. “मीटर खराब झाला तं बंद पडत नाई बे,” तो म्हणाला. “खराब मीटर शून्य दाखवते. आन आपण शून्य पाहून हात घालतो.”

शेवटी त्याने एक जड, काळा मीटर पसंत केला आणि विकत घ्यायच्या आधी दुकानाच्या सॉकेटला लावून बघितला. पुढे मी त्याला ज्यावरून छळलं ती त्याची पद्धत मी तिथे पहिल्यांदा पाहिली. आधी जिथे करंट नक्की आहे तिथे मीटर लावायचा आणि आकडा येतो हे पाहायचं. मग जी तार बंद केली आहे तिला लावायचा आणि शून्य पाहायचं. मग परत पहिल्या जागी लावून आकडा येतो ना, हे पाहायचं. मधल्या काळात मीटरच मेला नाही ना, याची खात्री. कारखान्यात म्हणे हे केल्याशिवाय पान्याला हात लावू देत नसत.

मी या पद्धतीला ओवाळणी म्हणायला लागलो. जिथे जाऊ तिथे. तो मीटर काढायचा आणि मी मोठ्यांदा सांगायचो, “थांबा बापा, महाराज आधी ओवाळून राह्यले.” शेतकरी हसायचे, बाया पदर तोंडाला लावायच्या. एकदा एका डाळमिलीत तो खाली वाकून बोर्ड, तार, बोर्ड असं करत असताना मी मागून मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला, त्याच्यामागे आरतीचं संगीत लावलं आणि तालुक्यातल्या वायरमन लोकांच्या ग्रुपवर टाकला. दोन दिवस ग्रुपवर दुसरं काही चाललं नाही. कुणी हात जोडलेले पाठवले, कुणी नारळ. त्याच्या मेव्हण्यानेही हसल्याचं चित्र पाठवलं होतं, ते मी त्याला मुद्दाम उघडून दाखवलं.

“काऊन करतं असं?” एवढंच त्याने विचारलं.

“तू ओवाळतं काऊन?” मी म्हणालो.

मला मजा येत होती. दुसरं काही कारण सांगितलं तर ती लबाडी होईल. त्याचा चेहरा पडला की मला बरं वाटायचं. तो माझ्यापेक्षा जास्त शिकलेला होता आणि काम माझ्यापेक्षा स्वच्छ करायचा. गिऱ्हाईक मात्र आधी माझ्याकडे यायचं, कारण मी धडाक्याने हात घालायचो आणि लोकांना तेच बघायला आवडायचं. हळूहळू तो ओवाळणी लपवून करू लागला. मी चहाला गेलो की करायचा. पुढे लोकांसमोर त्याने ती बंदच केली. आपण जिंकलो असं मला वाटलं.

त्याच सुमारास एका शेतकऱ्याचा पाण्यातला पंप माझ्या गळ्याशी आला. मी तो भरून दिला, आठ दिवसांत जळाला. पुन्हा भरून दिला, पुन्हा जळाला. दोन्ही वेळा मी विहिरीवर जाऊन तिन्ही फेजला लॅम्प लावून पाहिला होता आणि तिन्हीवर तो लागला होता. शेतकरी दुकानासमोर उभा राहून माझ्या सात पिढ्या काढून गेला. आता मलाही ठाऊक होतं की लॅम्प आहे-नाही एवढंच सांगतो. किती आहे ते सांगत नाही. एखाद्या फेजचा दाब पडलेला असेल तरी बल्ब पेटतो, फक्त थोडा लाल, आणि उन्हात लालपिवळं काही कळत नाही.

सोबती तेव्हा भाचीच्या लग्नाला चार दिवस दुसरबीडला गेला होता. त्याची पिशवी दुकानात खिळ्याला होती. मी इकडेतिकडे पाहिलं, मीटर काढला, सदऱ्याखाली घातला आणि विहिरीवर गेलो. चोरीच ती. दोन मिनिटांत सगळं उघडं पडलं. दोन फेज बरोबर, तिसरी अर्ध्यावर. खांबावरचा जोड सैल होता. लाइनमनने तो आवळला आणि पंप सुरळीत चालला. शेतकऱ्याने माझे हात धरले आणि विचारलं, कसं शोधलं. “उस्तादाचा हात आहे डोक्यावर,” मी म्हणालो. मीटर मी पोटाशी लपवून ठेवला होता.

निघायच्या घाईत मी स्टार्टरचं दार लोटलं आणि मीटरची लाल वायर दारात सापडली. मी हिसका दिला. ती निघाली, पण दुकानात येऊन सॉकेटला लावून पाहिलं तर मीटर शून्य दाखवत होता. वायर मानेपाशी वाकडी धरली की आकडा यायचा, सरळ सोडली की शून्य. वरचं कव्हर धडधाकट होतं, आतलं तांबं तुटलं होतं. मीटरच्या लाल-काळ्या वायरींचा नवा जोड काही मोठी वस्तू नाही, मेहकरला कुठल्याही दुकानात मिळतो. त्याच संध्याकाळी मी आणू शकलो असतो. किंवा तो आल्यावर नुसतं सांगायचं, लेका, तुझी वायर माझ्याकडून तुटली. पण ते सांगायचं म्हणजे मी मीटर वापरला हे सांगावं लागणार. तालुक्यात ज्याची टर उडवली त्याच्या पाया पडल्यासारखं ते झालं असतं. मी वायर गुंडाळली, मीटर पिशवीत ठेवला आणि पिशवी खिळ्याला अडकवली. नंतर कधीतरी गुपचूप बदलून टाकू, असं ठरवलं.

तो लग्नाहून आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उंद्रीहून चक्कीवाल्या बाईचा फोन आला. मोटर नुसती हुंकारते, फिरत नाही. आम्ही दोघं गेलो. वाटेभर तो लग्नातल्या जेवणाचं सांगत होता, फार खुशीत होता. मला वायर आठवली. आज सांगावं असं एकदा मनात आलंही, तोवर चक्की आली.

पिठाचे डबे घेऊन सात-आठ बाया बसल्या होत्या. मी मेन स्विचचा दांडा खाली ओढला आणि “पाडला” म्हणून सांगितलं. जुना लोखंडी मेन होता, आतल्या तीन पात्यांपैकी एक चिकटून तिथेच राहिलं होतं आणि त्याची तार जिवंत होती. बाहेरून ते दिसत नाही, दांडा तर व्यवस्थित खाली आला होता. मी पोत्यावर बसून चहाचा कप घेतला. त्याने स्टार्टर उघडला, मीटर काढला, एकेक करून तिन्ही तारांना लावला. शून्य, शून्य, शून्य. मला बसल्या जागेवरून आकडा दिसत होता.

मग त्याने भिंतीवरच्या दिव्याच्या बोर्डाकडे पाहिलं. ती लाइन वेगळी होती, चालू होती. तिथे जाऊन मीटर तपासायला त्याला पाच पावलं लागली असती. त्याने माझ्याकडेही पाहिलं.

तो मीटर बोर्डाला लागला असता तर शून्यच दिसलं असतं. आता इथे, सगळ्यांसमोर, वायर तुटल्याचं निघेल हे माझ्या लक्षात आलं. दुसरं काहीही माझ्या लक्षात आलं नाही. मी मोठ्याने म्हणालो, “ओवाळ बापा, ओवाळ. बाया बसल्या आहेत अथी, परसाद घेऊनच जातीन.”

बाया खळखळून हसल्या. तोही हसला. ते हसू मला तेव्हा वेगळं वाटलं, ओशाळलेलं नव्हतं. त्याने मीटर खिशात टाकला, डावा हात स्टार्टरच्या लोखंडी पेटीवर टेकवला आणि उजव्या हाताने तार धरली. उलट्या हाताने नाही. मीटर शून्य सांगत असताना उलटा हात कोण लावतो?

तो थरथरायला लागला आणि मी हसलो. आमच्या धंद्यात ही एक जुनी मस्करी आहे. करंट नसलेली तार धरायची आणि चिकटल्याचं सोंग करायचं, बघणाऱ्याची भंबेरी उडवायची. मी ती त्याच्यासमोर वीस वेळा केली असेल. मला वाटलं, आज ह्याने परतफेड केली, शिकला एकदाचा. चहाचा एक घोट मी तेवढ्यात घेतला, हे मला स्पष्ट आठवतं. डबा घेऊन बसलेल्या एका म्हातारीने कोपऱ्यातली कोरडी काठी उचलून त्याच्या मनगटावर घातली, तेव्हा तो सुटून पडला. म्हातारीला कळलं, मला कळलं नाही. नंतर चामडं जळाल्याचा वास आला.

त्याला गाडीत घालत असताना सगळे त्याच्याकडे धावले. मी त्याच्या खिशातला मीटर काढून घेतला. लोकांना वाटलं मी त्याची वस्तू सांभाळतोय. त्याला अकोल्याला दाखल केल्यावर, परत येताना मी मेहकरला नवा वायरींचा जोड घेतला आणि जुना रस्त्यातल्या नाल्यात फेकला. दुसऱ्या दिवशी मीटर त्याच्या घरी पोचता केला. चारजणांनी तो लावून पाहिला, उत्तम चालत होता. त्यामुळे गावात जे ठरायचं ते ठरलं. मीटर चांगला, मेनचं पातं चिकटलेलं, ह्यानंच नीट पाहिलं नसन. चहाच्या टपरीवर एकजण म्हणाला, मीटरवाल्याले मीटरनंच खाल्लं. मी तिथेच होतो. मी हसलो नाही, एवढंच.

अंगठ्याजवळची दोन बोटं काढावी लागली. उरलेली वाकतात, मुठीत मात्र येत नाहीत. त्याने दुकान सोडलं. मी एकटा चालवू लागलो, लॅम्प घेऊन.

चार-पाच महिन्यांनी त्याने मला घरी बोलावलं. मी गेलो तेव्हा तो खाटेवर बसला होता आणि त्याची बायको त्याच्या सदऱ्याची बटणं लावून देत होती. तिने मला बस म्हटलं नाही. तो म्हणाला, “ये बे, बस.” शेजारी मीटर ठेवला होता.

“हा तू घेऊन जाय. मले आता याचं काय काम?”

“राहू दे ना,” मी म्हणालो.

त्याने डाव्या हाताने वायरी उचलल्या. “या वायरी नव्या आहेत.”

“जुन्या जळल्या होत्या,” मी म्हणालो.

“माया हात जळला. वायरी काऊन जळतीन? त्या तं खिशात होत्या.”

बायकोचे हात बटणावर थांबले होते. तो मात्र रागात नव्हता. तो बोलत राहिला, आणि त्याने रागाने बोलावं असं मला फार वाटत होतं.

“पाह्य, मी वायर चार बोटांवर गुंडाळतो. तू कोपरावर गुंडाळतो, दोरावानी, मोठी. लग्नाहून आलो आन पिशवी खोलली, तं लाल वायर कोपराच्या मापाची. मले तवाच समजलं, तू मीटर वापरला म्हणून.” तो थोडा हसला. चक्कीवरचं ते हसू हेच होतं. “लय बरं वाटलं मले. घरी येऊन हिले सांगतलं, म्हतलं त्याले पटला मीटर, बोलत नाई पण पटला. उंद्रीले तू हसला तवा मले राग नाई आला. म्हतलं, हसू दे, कालपरवा यानंच चालवला आहे. यानं वापरला म्हणजे चालूच असन. म्हणून नाई गेलो बोर्डापाशी.”

बाहेर कुणाची तरी बकरी ओरडत होती. मी तिकडे पाहत राहिलो.

“एकच इचारतो,” तो म्हणाला. “तू लावला तवा चांगला होता ना?”

मी त्याच्या हाताकडे पाहिलं नाही. बायकोकडे मात्र पाहावंच लागलं, कारण ती माझ्या तोंडाकडे टक लावून होती. तिला काय वाटतं ते तिच्या डोळ्यांत लिहिलेलं होतं. मी फक्त ‘नाही’ म्हटलं असतं तरी पुरे होतं. एक शब्द, आणि महिनोन्‌महिने स्वतःला बेपर्वा समजत बसलेल्या माणसाला निदान तेवढं तरी परत मिळालं असतं.

“हाव,” मी म्हणालो. “एकदम चांगला होता.”

त्याने मान हलवली. मग बायकोकडे वळला.

“पाह्य, मी म्हणत नव्हतो तुले? तू उगीच त्याच्यावर घेऊन राह्यली होती. मीच नीट नाई लावला.” आणि तिला म्हणाला, “चहा ठेव त्याच्यासाठी.”

ती उठली. शेवटचं बटण लावायचं राहिलं होतं, ते तो डाव्या हाताने लावायला लागला. त्याला ते जमत नव्हतं. मी समोर बसून पाहत होतो. तिने चहा आणून माझ्यापुढे आदळला आणि मी तो सगळा प्यायलो.